अंगणातला कोळी की दुकानातला रातकिडा?

जून उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे संध्याकाळी इतके किडे घोंगावतात, की दुकानात रातकिड्यांच्या डब्याचे पैसे मोजताना हात आखडतो. त्यात घरातला व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा पाळीव सरडा, रोज तेच ते रातकिडे बघून तोंड फिरवायला लागला, की मुलगा पेल्यात कोळी धरून हजर: "बाबा, हा देऊ का?"

सरडा पाळलेल्या प्रत्येक घरात ही वेळ येते. मी दोन्ही प्रकार करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. किडा म्हणजे नुसता डबा. सरड्याला लागतं ते त्या डब्यात काय भरलंय ते.

दुकानातला रातकिडा हा जवळजवळ रिकामा डबा. त्यात कॅल्शियम १ भाग असेल तर फॉस्फरस ९ भागांच्या आसपास. सरड्याला हवं असतं नेमकं उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. अ जीवनसत्त्वही नावालाच. नुसते असे रातकिडे महिनोन्‌महिने घालत राहिलात, तर सरड्याची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. पण हा डबा आपल्या हाताने भरता येतो, आणि दुकानाच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच. खाऊ घालण्याआधी २४ ते ४८ तास रातकिड्यांना गाजर, रताळं, मोहरीचा पाला द्यायचा. मग लाडू खोबऱ्यात घोळवावा तसा रातकिडा कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचा. वर यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवाच, नाहीतर ते कॅल्शियम अंगी लागत नाही.

दुकानाचा माल म्हणजे निर्धोक, असंही नाही. गर्दीत वाढलेल्या रातकिड्यांबरोबर जंत येऊ शकतात. रात्री पिंजऱ्यात सुटे राहिलेले रातकिडे झोपलेल्या सरड्यालाच कुरतडतात, हे बऱ्याच जणांना पहिल्या जखमेनंतर कळतं.

अंगणातला किडा हा भरलेला डबा. फुलावरची माशी, गवतातला नाकतोडा, दिव्यावरचा पतंग, सगळे चारी ठाव जेवून आलेले असतात. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातल्या आपल्या मुलखात हा सरडा असंच नाना तऱ्हेचं खातो. रातकिड्यांना कंटाळलेला सरडा उडत्या माशीवर कशी जीभ फेकतो, ते एकदा बघाच. पण हा डबा कोणी भरला, ते आपल्याला ठाऊक नसतं. सगळी गोम तिथे आहे.

हॉर्नवर्मचं उदाहरण घ्या. दुकानात मिळणारी ही निळसर हिरवी लठ्ठ अळी पाण्याने भरलेली असते आणि सरड्याला फार आवडते. तीच अळी परसातल्या टोमॅटोवरून उचललीत तर देऊ नका. तिच्या पोटात टोमॅटोच्या पाल्यातली विषारी द्रव्यं असतात. अळी एकच, डबा वेगळा. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली; तिच्यावर वाढणारी मोनार्क फुलपाखराची अळी आणि ते फुलपाखरू, दोन्ही याच कारणासाठी वर्ज्य.

आणि काजवे. आपल्याकडे काजवे बघायला भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते, त्यामुळे काजवा घातक असेल हे मनातही येत नाही. इथल्या फोटिनस जातीच्या काजव्यांत बेडकाच्या विषासारखं, हृदयावर मारा करणारं द्रव्य असतं. पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन सरडे असा एखादा काजवा खाऊन मेल्याची नोंद आहे. जून-जुलैत जाळी घेऊन संध्याकाळी अंगणात उतरणाऱ्या मुलाला हे आधी शिकवा. आमच्याकडे अंधार पडल्यावर किडे पकडायला बंदीच आहे.

आता कोळी. शॅमेलिऑन कोळी आवडीने खातो आणि जाळं विणणारा छोटा बागेतला कोळी त्याला सहसा बाधत नाही. चकचकीत काळा, पोटाखाली तांबडी डमरूसारखी खूण असलेला ब्लॅक विडो मात्र नको. टेक्सस-मिझुरीकडे राहत असाल तर ब्राउन रेक्लूसही नको. ओळख पटत नसेल तर कुठलाच नको. मला विषारी दातांपेक्षा दुसरीच भीती जास्त वाटते. कोळी शिकारी आहे. फवाऱ्याने अर्धमेल्या झालेल्या माश्या त्याच्या जाळ्यात आयत्या येतात. गॅरेज आणि तळघरातले कोळी म्हणूनच मी धरत नाही, कारण पेस्ट कंट्रोलवाला सगळ्यात आधी तिथेच फवारतो.

तुमचा निर्णय खरं तर या फवाऱ्यावरच ठरतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, नाकतोड्याची नसते. तुम्ही काही मारलं नाहीत तरी शेजारी डासांसाठी, गोचिडांसाठी, हल्ली लँटर्नफ्लाय या झाडांचा रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारत असतो. टाउनहाउसमध्ये राहत असाल आणि हिरवळीची देखभाल घरमालकांच्या असोसिएशनकडे असेल, तर अंगणातला किडा हा विषयच सोडून द्या. मोठी, वर्षानुवर्षं न फवारलेली जागा असेल तर आठवड्यातून एक-दोन नाकतोडे, पतंग, माश्या चालतील. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. शिवाय वर्षातून एकदा विष्ठेची तपासणी ठरलेली ठेवा, कारण रानातल्या किड्यांतून जंत येतात. आणि नोव्हेंबर ते मार्च इथे अंगणात काहीच नसतं, म्हणजे रातकिड्यांचा खर्च तसाही सुटत नाही.

नुसता कंटाळा घालवायचा असेल तर दुकानातच रेशीमकिडे, दुबिया झुरळं आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या मिळतात. या अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर. वॅक्सवर्म ही चरबीने भरलेली अळी मात्र पेढ्यासारखी, सणावारीच.

महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर रानातला घोयरा सरडा (आपल्याकडचा शॅमेलिऑन) धरून पाळायचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

मुलाच्या पेल्यातला तो कोळी कुठला, असं विचारलं तर म्हणाला, "गॅरेजमधला." तो झुडपात सोडून दिला. सरड्याला दुकानातला हॉर्नवर्म दाखवला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची जीभ बाहेर आली.