बेळगावात राहून एमबीए सिस्टिम्स: पाचपैकी साडेतीन

रिझल्ट लागायचे दिवस आले की ओळखीतली पोरं विचारायला लागतात, दादा बेळगावातच एमबीए केलं तर चालतं का, आणि त्यात ते सिस्टिम्स घेऊ का मार्केटिंग. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कॉलेजचं नाव घेत नाही, तिथले सर लोक अजून रस्त्यात भेटले की चहा पाजतात.

पहिलं म्हणजे हा कॉम्प्युटरचा कोर्स नाही. आमच्या मावशीला अजून वाटतं मी दोन वर्षं टॅली शिकलो. कंपनीत खरेदी, स्टोअर, प्रोडक्शन, डिस्पॅच, अकाउंट्स सगळीकडून रोज जी माहिती निघते ती कुठं साठवायची, कुणाला कशी दाखवायची आणि ती बघून मालकाने काय ठरवायचं, एवढाच हा विषय. त्यामुळे इंजिनिअरिंग केलेला पोरगा पण येतो आणि बीकॉमवाला पण, आणि पहिल्या सेमिस्टरला दोघंही सारखेच गोंधळलेले असतात, एकाला बॅलन्स शीट कळत नाही आणि दुसऱ्याला डेटाबेस.

शिकवणं कसं? अर्धं अर्धं. एमआयएसचा, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्सचा, मुख्य पेपर आम्हाला पीपीटी वाचून शिकवला, अक्षरशः वाचून. मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या रॉबर्ट अँथनीने १९६५ मध्ये केलेली ती मांडणी, खाली रोजचं काम, मध्ये मॅनेजरचा कंट्रोल, वर स्ट्रॅटेजी, तो त्रिकोण आम्ही इतक्या पेपरांत काढला की झोपेतपण काढू. पण खालच्या थरातली माहिती वरच्या थरापर्यंत पोचेपर्यंत तिचं काय होतं हे कुणी सांगितलं नाही. ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे विभाग एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, ते नुसत्या स्क्रीनशॉटवर, त्यातलं नावाजलेलं सॅप प्रत्यक्ष कुणी उघडून दाखवलं नाही. लॅबमध्ये मशीन भरपूर पण चालू किती ते विचारू नका.

डेटाबेसवाले सर मात्र सोनं माणूस. पुण्यात कंपनीत बरीच वर्षं काढून आलेले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर खडेबाजारातल्या कापडदुकानाचं बिल लिहिलं, गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, फोन, खाली पाच आयटम, आणि म्हणाले हे असंच एका एक्सेलमध्ये टाका. टाकलं. मग म्हणाले, आता या गिऱ्हाईकाने फोन नंबर बदलला, कुठं कुठं बदलणार? पाच ओळीत पाच वेळा नंबर होता, एकाने चारच ठिकाणी बदलला, आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच ठिकाणी ठेवायची, ते तिथंच डोक्यात बसलं. आयबीएमच्या एडगर कॉडने १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत ठेवायचा, पेपर लिहिला हे त्यानंतर सांगितलं, आधी नाही. साडेतीनमधला एक अख्खा गुण या सरांचा.

आता खरी गोष्ट, प्रोजेक्ट. माझं म्हणणं एवढंच आहे की बेळगावात हा कोर्स करायचा तर तो प्रोजेक्टसाठी करा, कारण शिकायला लागणारा सगळा पसारा आपल्या दारात पडलाय, फौंड्री (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने) आहेत, हायड्रॉलिक्सवाले आहेत, साखर कारखाने, निपाणीकडं तंबाखू, वडगाव शहापुरात माग. पुण्याबेंगळुरूच्या पोरांना एखाद्या मोठ्या कंपनीत कोपऱ्यात बसवून रिपोर्ट कॉपी करायला लावतात, इथं मालक स्वतः समोर बसून बोलतो.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत केला. बाबांच्या ओळखीचे काका. त्यांची तक्रार एकच, रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलंय आणि का वाढलंय ते महिना संपल्यावर कळतं. कास्टिंग (ओतलेला भाग) गिऱ्हाईकाकडं जाणार, तिथं मशिनिंगला घेतल्यावर आत ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, दिसणार, मग पैसे कापल्याची डेबिट नोट येणार, आणि तोपर्यंत इकडची वाळू बदललेली, माणूस बदललेला, विचारणार कुणाला? मला वाटलं सोपं आहे, हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातला माल ते सांगणाऱ्या नंबरवरून, मागं जायचं. तर आयटमची यादीच जुळेना! पॅटर्न शॉपमध्ये (साचा ज्यावरून घेतात तो नमुना तिथं बनतो) तो आयटम पॅटर्न नंबरने, ऑफिसात गिऱ्हाईकाच्या पार्ट नंबरने, आणि फ्लोअरवर मोल्डर, म्हणजे साचे भरणाऱ्या, लोकांनी ठेवलेल्या नावाने, एका ब्रॅकेटला तर सगळे मोठा कान म्हणायचे. त्यात पहिल्या शिफ्टची डायरी मराठीत, दुसऱ्या शिफ्टचे अण्णा कन्नडमध्ये लिहिणार आणि अक्षर असं की ते स्वतःच वाचू शकतील. निम्मा वेळ मी नुसती ही तीन नावं एका कोडला जोडत बसलो होतो आणि अण्णा शेजारी बसून सांगत होते हा कुठला, तो कुठला. काकांना वाटलं पोरगा काहीच करत नाही. पण यादी एकदा लागल्यावर बाकीचं साध्या एक्सेलच्या पिव्होटमध्ये (आपोआप बेरजा लावणारा तक्ता) झालं, हीटप्रमाणे, पॅटर्नप्रमाणे, शिफ्टप्रमाणे रोजचं रिजेक्शन सकाळी टेबलावर. एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागलं नाही. मास्टर डेटा, म्हणजे सगळ्यांनी वापरायची अशी एकच पक्की यादी, हा शब्द पीपीटीत एका ओळीत उरकला होता, कामात मात्र निम्म्याहून जास्त तोच होता.

आणि एक. काकांना कुणीतरी ईआरपी विकत होता आणि ते मार्चमध्ये चालू करायचं म्हणत होते, म्हणजे वर्षअखेरीच्या डिस्पॅचच्या ऐन गर्दीत. मी त्यांना हर्शीची केस सांगितली, अमेरिकेतली चॉकलेट कंपनी, ११.२ कोटी डॉलरची सिस्टिम, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत दाबून बसवलं आणि १९९९ मध्ये हॅलोविनच्या सीझनच्या तोंडावर एकदम सगळं चालू केलं, गोदामात माल पडून होता आणि ऑर्डरी मात्र जाईनात. काका म्हणाले, काय रे पोरा, आपण काय चॉकलेट बनवतो काय? पण चालू करायचं मेपर्यंत ढकललं. परीक्षेत त्या केसला मार्क किती पडले आठवत नाही, इथं कामाला आली.

नोकरीचं सांगतो, कारण सगळ्यांना तेच हवंय. कॅम्पसला आले ते बहुतेक बँका, फायनान्स, इन्शुरन्स, म्हणजे सेल्स. सिस्टिम्सचं असं खास कुणी नाही. आमच्यातल्या ज्यांनी स्वतःहून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (रिपोर्ट, चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर) पक्कं केलं ते पुण्याला नाहीतर बेंगळुरूला बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून लागले, पण स्वतः अर्ज करून, कॉलेजने लावलं नाही. आणि एमआयएस एक्झिक्युटिव्ह अशी जाहिरात बघून उड्या मारू नका, बऱ्याच ठिकाणी ते काम म्हणजे दिवसभर एक्सेलमध्ये व्हीलूकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणायचा फॉर्म्युला) लावून संध्याकाळी सात वाजता रिपोर्ट मेल करणे. सुरुवातीला ठीक, तिथंच अडकायचं नाही. अमेरिकेत एमआयएसची स्वतंत्र एमएस डिग्री मिळते, अ‍ॅरिझोना विद्यापीठाचं तर नाव आहे, पण तो खर्च आणि ते कर्ज वेगळी गोष्ट झाली.

घरचा धंदा असेल किंवा आधी कुठं नोकरी केली असेल तर डोळे झाकून करा, रोज जे बघता त्याचा अर्थ लागायला लागतो. नुसतं पुढं काय करायचं कळत नाही म्हणून येणार असाल तर एक वर्ष कुठंतरी स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्सला काम करून या.

अ‍ॅडमिशनचं थोडक्यात. कर्नाटकातल्या सरकारी कोट्यासाठी पीजीसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती केईए, म्हणजे कर्नाटकचं परीक्षा प्राधिकरण, घेतं. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, १९९८ मध्ये सुरू झालं, ते आपल्याच मच्छेला आहे आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासूनचं, कॉलेज कुणाशी जोडलंय त्यावर सिलॅबस बदलतो, तर आधी ते विचारा. पलीकडं कोल्हापूर पुण्याला जायचं असेल तर महाराष्ट्राची सीईटी वेगळी, आणि सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी तिकडं टाईप ई म्हणून सोय असते, शिक्षण इथल्या वादग्रस्त भागात झाल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा कागद लागतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहितीच नसतं आणि ते आउटसाईड महाराष्ट्र म्हणून फॉर्म भरून मोकळे होतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग, एसी हॉल बघून भुलू नका. सरळ लायब्ररीत जा आणि मागच्या बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट मागा. ओळीने सगळे कस्टमर सॅटिस्फॅक्शनचे निघाले, फक्त शोरूमचं नाव बदललेलं, तर पैसे भरायच्या आधी दुसरं कॉलेज बघा.