अर्धी रिस्टोअर केलेली पद्मिनी घ्यायची, की चालती पण जुनाट दिसणारी?

मावसभावाला प्रीमियर पद्मिनीच हवी, आजोबांची होती म्हणून, आणि गेले तीन रविवार मी त्याच्याबरोबर गाड्या बघत फिरतोय. आता दोनच राहिल्यात. पहिली १९७५ ची, अर्धी रिस्टोअर केलेली, बॉडीचं काम आणि पेंट झालाय पण इंजिन खाली उतरवून ठेवलंय, आत सीट नाहीत, वायरिंग नाही, बाकीचा सगळा माल तीन खोक्यांत. दुसरी १९९४ ची, रंग उडालेला, सीटचं रेक्झिन फाटलेलं, दरवाजे खडखडतात, पण चावी फिरवली की सुरू होते, आम्ही पंधरा किलोमीटर चालवून आणली. दोन्हींची मागितलेली किंमत जवळपास सारखीच आहे म्हणून नीट शेजारी शेजारी ठेवून विचार केला.

बघताक्षणी पहिलीच आवडते. क्रीम कलर, आरशासारखा पेंट, भाऊ तर तिथेच विरघळला. पण मला सगळ्यात जास्त काळजी त्या पेंटचीच वाटते. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, पत्रा हाच गाडीचा सांगाडा, आणि तो सडतो कुठे तर फ्लोअरला, दरवाज्याखालच्या पट्टीत, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, जॅक लावायच्या जागी आणि पुढच्या काचेच्या रबराखाली. रंग खराब होऊ नये म्हणून लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला, तर डाव्या दरवाज्याखाली हातभर जागेत तो धरतच नव्हता, म्हणजे आत पत्र्याऐवजी नुसती लांबी (पुट्टी) भरलीये. दुसऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअरला भोक आहे, मॅट उचललं की खालची जमीन दिसते. ऐकायला दुसरी जास्त वाईट वाटेल, पण ते भोक आम्हाला दिसलंय, तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा किती लागेल हे मिस्त्रीने जागेवर सांगितलं. पहिलीत लांबीखाली काय आहे ते उकरल्याशिवाय कळणार नाही, आणि उकरलं की तो सुंदर पेंट गेला, म्हणजे रंगाचे पैसे एकदा गाडीच्या किमतीत दिले आणि परत एकदा पेंटरला द्यायचे.

इंजिनाचं मला एवढं टेन्शन नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, साधं सरळ इंजिन आहे, हात बसलेले मिस्त्री कमी होत चाललेत पण अजून आहेत. पहिलीचं खाली पडलेलं इंजिन पाना लावून हाताने फिरवायला सांगितलं, फिरलं, म्हणजे जाम नाहीये, पण बोअर, पिस्टन, कॉम्प्रेशनबद्दल बसवून सुरू केल्याशिवाय काहीच बोलता येत नाही. दुसरी उतारावरून आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की निळसर धूर सोडते, म्हणजे ऑइल जळतंय, बहुतेक हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम निघेल. स्टिअरिंगवरचा हँड गिअर दोघींना आहे, दुसरीचा ढिला झालाय. आणि आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं आहे, त्यामुळे जुने पेट्रोल पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचे रबर दोन्हीत बदलायलाच लागतील. इथे मात्र पहिली सोयीची, सगळं उघडंच आहे.

खरी गोम त्या तीन खोक्यांत आहे. आम्ही दीड तास जमिनीवर पेपर पसरून एकेक वस्तू बाहेर काढली. काच खालीवर करायची दोन हँडल कमी, एका क्वार्टर ग्लासची (खिडकीच्या छोट्या काचेची) फ्रेम नाही, मीटरची काच फुटलेली, दरवाज्यांची रबरं कुठेच नाहीत, आणि सगळे नटबोल्ट एका डब्यात एकत्र, कशावरही चिठ्ठी नाही. ज्याने गाडी खोलली त्याने काम मधेच सोडलं, आता कुठला स्क्रू कुठला हे सांगायला कोणी नाही. मुंबईत टॅक्सी होत्या तोपर्यंत पद्मिनीचा माल भरपूर मिळायचा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली, तेव्हापासून तो ओघ आटतोय. त्यातही ब्रेकचा, सस्पेन्शनचा, इंजिनाचा माल एकवेळ मिळून जाईल, पण ७५ सालच्या क्रोमच्या पट्ट्या आणि आतली बारीक फिटिंग शोधायला वर्ष जाऊ शकतं. दुसरी गाडी दिसायला कशीही असली तरी पूर्ण आहे, प्रत्येक वस्तू आपल्या जागेवर आहे. मी तरी याला रंगापेक्षा जास्त किंमत देईन.

कागदपत्रं. पहिलीचा विकणारा आरसीवरचा मालक नाहीच, ज्यांच्या नावावर आहे ते वारलेत, म्हणजे आधी वारसांच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढवा, मग पुढची ट्रान्सफर. भाऊ म्हणतो ५० वर्षांवरची आहे तर व्हिंटेजमध्ये टाकू. २०२१ च्या नियमात ती सोय आहे, २०,००० रुपये फी, १० वर्षांची नोंदणी, व्हीए अक्षरांची नंबर प्लेट. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोज वापरायची नाही. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. भावाला तर रविवारी मुलांना घेऊन फिरायचंय! दुसरीची आरसी चालू आहे, विकणाऱ्याच्याच नावावर आहे, इंजिन आणि चेसिस नंबर मी स्वतः टॉर्च लावून जुळवले. तिला दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण लागेल आणि २० वर्षांवरच्या कारची फी आता १०,००० झालीये, वर पर्यावरण कर, हा खर्च धरून चालायचं.

माझं मत दुसरीच्या बाजूने आहे आणि मी ते भावाला स्पष्ट सांगितलंय. चालती गाडी घेतली की एका महिन्यात फ्लोअर, पुढच्या दिवाळीला सीट, मग हेड, मग रंग असं हातात पैसा येईल तसं करता येतं आणि मधल्या काळात गाडी वापरता पण येते. खोललेली गाडी सगळं पूर्ण होईपर्यंत शेडमध्येच, आणि शेडचं भाडं चालू. तुमचं स्वतःचं गॅरेज असेल, वेल्डिंग येत असेल किंवा घरचा मिस्त्री असेल तर हिशोब वेगळा निघेल, तेव्हा पहिलीचा विचार नक्की करा, कारण जोडून झालेल्या ७५ च्या गाडीचा रुबाब ९४ च्या गाडीला येणार नाही.

पहिलीच्या विकणाऱ्याकडे आम्ही पेंटच्या आधीचे फोटो मागितलेत, फ्लोअरचे आणि दरवाज्याखालच्या पत्र्याचे, नवा पत्रा घातला असेल तर कोणीतरी फोटो काढलेच असतील ना. ते शनिवारपर्यंत आले आणि पत्रा खरंच नवा निघाला तर किंमत कमी करून परत बोलू. नाही आले तर रविवारी सकाळी दुसरीचं टोकन द्यायला जातोय.