तळपायांची आग: प्रीगाबालिन की ड्युलोक्सेटिन?

सोलापुरात यंत्रमागावर उभं राहून वर्षं काढलेल्या मधुमेही माणसाचे तळपाय जळू लागले, की चिठ्ठीवर बहुधा या दोनपैकी एक नाव येतं.

प्रीगाबालिन मज्जारज्जूत चेतातंतूंच्या टोकांवरील कॅल्शियम वाहिन्यांना चिकटतं. त्या वाटेने कॅल्शियम आत कमी येतं, मग ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात, वेदनेचा निरोप तिथेच मंदावतो.

ड्युलोक्सेटिनचं काम वरून चालतं. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे तंतू सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडून वेदना दाबतातच. हे औषध ती रसायनं परत शोषली जाऊ देत नाही. (नैराश्यावरची गोळी पायांसाठी कशी, तर अशी.)

प्रीगाबालिनने गुंगी येते, कधी पाय सुजतात. चालू मागाजवळ गुंगी नकोच, म्हणून कामगारासाठी मला ड्युलोक्सेटिन बरं वाटतं, सुरुवातीला मळमळलं तरी. यकृत बिघडलेलं असेल तर मात्र डॉक्टर ते टाळतात.