पाणंदीत गाडी रुतली: ट्रॅक्टर, विंच, कायनेटिक रोप की जेसीबी?

जुलैत त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात भाताची आवणी सुरू असते. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं, मधे जेमतेम एका गाडीची पाणंद आणि तिच्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, 226 मिलिमीटर, जिम्नीचा 210. ट्रॅक्टर आरामात जातो तिथे या गाड्यांचं पोट मधल्या वरंब्यावर टेकतं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. तिथेच ॲक्सिलरेटर सोडा. पुढचं प्रत्येक फिरणं गाडी आणखी खाली नेतं.

माळावर रुतलेली गाडी कुठूनही ओढता येते. पाणंदीत पुढे आणि मागे या दोनच दिशा असतात. त्यामुळे ओढणाऱ्याची ताकद किती, यापेक्षा तो सरळ रेषेत उभा राहू शकतो का, हे आधी पाहायचं. शक्यतो आलात तिकडेच, मागे काढा. ती वाट निदान पाहिलेली असते.

ताकदीचा अंदाजही लगेच बांधता येतो. सामानासकट दोन टनांची गाडी रिमपर्यंत रुतली, तर साधारण तिच्या वजनाइतका, म्हणजे दोन टनांचा ओढा लागतो. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट धरा. 15 अंशांच्या चढावर ओढायची असेल तर वजनाचा आणखी पाव भाग. म्हणून कोणताही पर्याय निवडा, आधी फावडं हातात घ्या. पोटाखालचा वरंबा फोडा, ज्या दिशेला काढायची त्या बाजूने चाकांपुढे उतार करा, टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवा. अर्ध्या तासाच्या या कामाने दोन टनांचा ओढा बराच खाली येतो, आणि कधीकधी गाडी आपली आपणच निघते.

ट्रॅक्टर नाशिक जिल्ह्यात सगळ्यात जवळ असतो आणि एकट्या गाडीसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. पण त्याच्याबद्दल एक गैरसमज आहे. 45-50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. ओल्या मातीत तो स्वतःच्या वजनाइतका ओढा देऊ शकत नाही. खोदल्याशिवाय जोडलात तर तोही रुततो. केजव्हील, म्हणजे चिखलणीची लोखंडी जाळीची चाकं, लावलेला असेल तर चिखलात पकड फार चांगली. दुसरी गोष्ट जीवावरची आहे: साखळी खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीलाच) लावायची, टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या दांड्याला) किंवा ॲक्सलच्या वर कधीही नाही. ओढ वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो, सावरायला वेळच मिळत नाही. साखळी दोरासारखी ताणली जात नाही, म्हणून झटका द्यायचा नाही. साखळी हळूहळू ताठ करायची, लो गिअरमध्ये एकसारखं ओढायचं. मागच्या पावसाळ्यात आम्ही घाईत झटका दिला आणि साखळी तुटून मित्राच्या गाडीची मागची काच फुटली. आत कोणी नव्हतं, तरी तो आवाज अजून आठवतो.

दुसरी गाडी सोबत असेल तर कायनेटिक रोप. नऊ मीटरचा हा नायलॉनचा दोर 20-30 टक्के ताणला जातो आणि साठवलेली शक्ती रुतलेल्या गाडीला देतो. मोकळ्या जागेत यासारखं जलद साधन नाही. पाणंदीत मात्र मला तो फारसा पटत नाही. ओढणाऱ्या गाडीला सरळ आणि कडक जमीन लागते; पाणंद वळणाची असेल तर ओढ तिरकी लागते, आणि चिखलात शिरलेली दुसरी गाडीही अडकते. मग एकाऐवजी दोन गाड्या काढायच्या.

विंच, म्हणजे गाडीवरच्या ड्रमवर दोर गुंडाळत ओढणारं यंत्र, महाग, पण अरुंद वाटेसाठीच बनल्यासारखी. दुसऱ्या कुणाला चिखलात शिरावं लागत नाही. तिच्या मर्यादाही समजून घ्या. बहुतेक विंच पुढच्या बंपरला असते, म्हणजे मागे निघायचं असेल तर तिचा उपयोग नाही. 9,500 पौंडांची, म्हणजे सुमारे 4,300 किलोची क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थरावरची असते; दोर जितका गुंडाळलेला, तितकी ती कमी. स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवून परत आणणारी कप्पी, लावला तर ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. आणि दोर बांधायला अँकर? त्र्यंबककडे आंबा, जांभूळ, मोह मिळतो. खोडाला रुंद पट्टाच लावा, साल कापू नका. निफाड-दिंडोरीकडे मोठं झाड नसलं तर द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलकडे नजर जाते. त्याला हात लावू नका. ते अँगल तारांच्या ताणावर उभे असतात, एक हलला तर अख्खी ओळ मालासकट खाली येते. विजेच्या खांबाचंही तसंच.

जेसीबी मागवायचा तो गाडी एका बाजूला कलंडली असेल, चाक ओहोळात गेलं असेल, म्हणजे ओढण्यापेक्षा उचलायची गरज असेल तेव्हाच. साडेसात-आठ टनांचं ते धूड पाणंदीत आलं की बांध आणि जमिनीखालची पाइपलाइन दोन्ही धोक्यात येतात. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय मागवू नका, आणि वर तारा आहेत का ते आधी पाहा.

मातीवरही निवड ठरते. त्र्यंबककडच्या मुरमाड वाटेत खाली कडक थर लागतो, तिथे ट्रॅक्टर पुरेसा. निफाडची काळी माती चाकाला चिकटून धरते. तिथे चाकाभोवती पहारीने हवा शिरू द्या आणि विंचचा संथ ओढा वापरा.

कुठल्याही पर्यायात दोर फक्त चॅसिसच्या रिकव्हरी हुकला. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, लावलेला दोर म्हणजे तोफगोळा. दोराच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहू नये, दोरावर ओलं पोतं टाका.

गाडी निघाल्यावर चाकोऱ्या दगड-मुरमाने भरा, फुटलेला बांध लिंपा. खाचरातलं पाणी रात्रभर वाहून गेलं तर त्या माणसाची आवणी जाते.