नायक मारायचा की जगवायचा: युद्धविरोधी कादंबरीचे दोन शेवट

मसुदा शेवटाकडे आला की बरेच लेखक सवयीने सैनिक नायकाला मारून मोकळे होतात. युद्ध वाईट, म्हणून नायक गेला. पण दोन्ही शेवट लिहून पाहिले की हा हिशेब चुकतो. माझा कल जगवण्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी मारण्याची बाजू लेचीपेची नाही, आणि काही मसुद्यांना तीच शोभते.

त्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला म्हणजे एरिख मारिया रेमार्कची १९२९ सालची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. पहिल्या महायुद्धातला जर्मन सैनिक पाउल बॉयमर ऑक्टोबर १९१८ मध्ये, शस्त्रसंधी तोंडावर आलेली असताना मरतो. आख्खं पुस्तक तो स्वतः सांगतो, शेवटच्या काही ओळी मात्र दुसराच आवाज सांगतो. गोळी कुठे लागली, शेवटी तो काय बोलला, काही नाही. त्या दिवशी आघाडीवर कळवण्यासारखं काही घडलं नाही, असा लष्कराचा अहवाल. पुस्तक संपलं.

हे साधतं ते आधीच्या तयारीमुळे. वर्गातल्या सात जणांपैकी पाउल शेवटचा उरलेला आहे, त्यामुळे त्याचं मरण धक्का म्हणून येत नाही, बेरीज पुरी झाल्यासारखं येतं. खरं दुःख रेमार्कने अगोदरच, पाउलचा जिवलग सोबती काट याच्या मरणात खर्च केलंय. जखमी काटला पाउल पाठीवर घेऊन उपचारकेंद्रापर्यंत आणतो, आणि वाटेत तोफगोळ्याचा बारीकसा तुकडा डोक्यात शिरून तो गेलाय हे पाउलच्या लक्षातही येत नाही. ते पान वाचून वाचक रिकामा होतो, म्हणून शेवटची नोंद इतकी कोरडी ठेवता येते. मसुद्यांत नेमकं उलटं झालेलं दिसतं: मित्र दोन वाक्यांत जातो आणि नायकाचं मरण सहा पानं चालतं, वर आईची आठवण.

सरकारी कागदाने शेवट करण्याची हीच युक्ती चौदा वर्षं आधी हिंदीत येऊन गेली होती. चंद्रधर शर्मा गुलेरींच्या ‘उसने कहा था’ (१९१५) या कथेत जमादार लहनासिंह पहिल्या महायुद्धाच्या खंदकात जखमी होऊन मरतो, आणि कथा संपते वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीतल्या एका नोंदीने. नोंद रेमार्कइतकीच रुक्ष. परिणाम मात्र अगदी वेगळा. युद्धाची चीड येत नाही, लहनासिंहाबद्दल ऊर भरून येतो. कारण सुभेदारणीने पदर पसरून मागितलेलं त्याने दिलं. स्वतःची जखम लपवून तिच्या नवऱ्याला आणि मुलाला गाडीतून मागे पाठवलं. मरणाला मोल मिळालं. गुलेरींना तेच हवं होतं, तेव्हा कथेत खोट काही नाही. पण आपल्या कामाची कसोटी इथेच सापडते: नायक मेल्यामुळे कोणाचं काय वाचलं? साथीदार, पूल, चौकी, दिलेला शब्द, काहीही उत्तर निघालं तरी कादंबरी वीरकथेकडे सरकली. उत्तर ‘काहीच नाही’ असंच निघायला हवं.

आणि मला जगवण्याकडे वळवणारी कटकट नेमकी हीच. मराठी वाचक ‘काहीच नाही’ हे उत्तर सहजी टिकू देत नाही. १६६० ची घोडखिंड आणि १७६० चा बुराडी घाट ऐकत तो मोठा झालेला असतो. रणात पडलेल्या माणसाला मानाची जागा द्यायची, हे त्याच्या अंगात मुरलंय आणि त्यात वाईटही काही नाही. तुम्ही नायकाला कितीही फुकट मारा, आपल्याच तोफेच्या चुकीच्या माऱ्यात मारा, पाण्याची बाटली भरायला गेलेला असताना मारा, शेवटच्या पानापाशी वाचक मनातल्या मनात मानवंदना देतो. मसुदा वाचायला दिला की अभिप्राय येतो, ‘शेवटी अभिमान वाटला.’ तिथे कादंबरी हरलेली असते. दुसऱ्या कुणाला वेगळा अनुभव असेल, नाही म्हणत नाही. पण हा अभिप्राय शैली बदलून, दोन वाक्यं कापून जात नाही. शेवटच बदलावा लागतो.

पडद्यावर हा धोका आणखी वाढतो. रेमार्कच्या कादंबरीवरच्या २०२२ च्या जर्मन चित्रपटात पाउलचं मरण ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधी लागू होण्याच्या अकराच्या ठोक्याच्या अगदी अलीकडे नेलंय. थरार वाढला, पण त्या दिवशी ‘कळवण्यासारखं काही नाही’ असं कुठलाच अहवाल म्हणू शकला नसता. मरण निरर्थक होतं ते दुर्दैवी झालं. नायकाला मारायचंच असेल तर तारीख साधी ठेवा.

जगलेल्या नायकाला मानवंदना देऊन निरोप देता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. बाओ निन्ह यांच्या ‘द सॉरो ऑफ वॉर’मधला किएन व्हिएतनाम युद्धातून वाचतो. त्याच्या बटालियनमधल्या पाचशेंपैकी जेमतेम दहा उरतात. जिंकलेल्या बाजूचा हा सैनिक युद्धानंतर जंगलात मृतांचे अवशेष गोळा करत फिरतो आणि पुढे हनोईत रात्र रात्र लिहीत बसतो, पण लिखाण काही पुरं होत नाही. डाल्टन ट्रम्बोच्या ‘जॉनी गॉट हिज गन’मध्ये (१९३९) हात, पाय, चेहरा गमावलेला सैनिक जो बॉनम उशीवर डोकं आपटून मोर्सच्या संकेतलिपीत बोलतो: मला बाहेर न्या, लोकांना दाखवा. लष्कर नकार देतं. मेला असता तर त्याचं नाव स्मारकावर कोरलं असतं. जिवंत आहे म्हणून तो कुणालाच परवडत नाही.

तोटेही आहेत. जगलेला नायक चटकन ‘सुटला’ वाटतो. युद्ध संपलं, गाडी आली, आई दारात उभी, असा शेवट केलात तर मेलेल्या नायकापेक्षा वाईट. दुसरी फसगत म्हणजे अपराधीपणाचं लांबलचक स्वगत. ‘मी का वाचलो’ हे वाक्य नायकाच्या तोंडी एकदाही न येता कादंबरी पार पडली तर उत्तम.

उपाय जागावाटपात आहे. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल तर पंधरा हजार तरी परतल्यानंतरचे हवेत. दोन प्रकरणांत उरकलं की तो उपसंहार होतो. त्या भागात भावनेपेक्षा व्यवहार लिहा: मेडिकल बोर्डापुढची तारीख, अपंगत्वाची टक्केवारी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या खेपा, प्रजासत्ताक दिनाला शाळेत भाषणाचं आमंत्रण आणि तिथे मुलांनी विचारलेला ‘किती मारले?’

आणि मरण काढून टाकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’मध्ये बॉम्बफेकी विमानावरचा नायक योसारियन शेवटी जिवंत पळून जातो, पण त्याचा साथीदार स्नोडेन याचं विमानातलं मरण पुस्तकभर तुकड्यातुकड्याने येत राहतं आणि पुरतं उलगडतं ते अखेरीजवळ. हा आराखडा उचलण्याजोगा आहे. साधारण पहिल्या एकतृतीयांश भागात एक माणूस घालवा, मात्र प्रकरणाच्या शेवटी नको, मधल्याच परिच्छेदात. त्याची एखादी वस्तू पुढे वापरात ठेवा. रेमार्कने पाउलचा मेलेला वर्गमित्र केमेरिख याचे बूट असेच म्युलरकडे आणि म्युलरकडून पाउलकडे आणलेत.

अर्थात निवेदक प्रथमपुरुषी, विशीच्या आतला आणि परत जायला घरच न उरलेला असेल, तर त्याला जगवून पंधरा हजार शब्द ओढणं खोटं वाटेल. तिथे मारणं रास्त. मग सुरुवातीपासून वर्तमानकाळ धरा: ‘मी गेलो, मी पाहिलं’ असं सांगणारा माणूस वाचकाच्या लेखी वाचलेलाच असतो. अर्धवट तुटलेल्या डायरीचा मोह टाळा. शेवटचा आवाज कोणाचा, हे पहिलं प्रकरण लिहितानाच ठरवा, म्हणजे कारकुनी नोंदींची ती भाषा मध्ये दोनतीनदा पेरता येते: शिधा किती आला, मोजे किती जोड, गैरहजर किती. शेवटची नोंद त्याच मापाची ठेवा, फार तर चार ओळी.