टास्क मॅनेजरचे आलेख: रंग मोजके, वाचन सोपे

विंडोज १० मधील टास्क मॅनेजरच्या (संगणकाच्या घटकांचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'परफॉर्मन्स' टॅबचे परीक्षण करताना येथे केवळ आलेखांच्या मूळ रंगांचा विचार केला आहे, कारण बहुतेक वापरकर्ते असे रंग कधीच बदलत नाहीत आणि या प्रोग्रॅममध्ये तर ते बदलण्याची सोयच ठेवलेली नाही.

सीपीयूला (मुख्य प्रोसेसरला) निळा, मेमरीला जांभळा, डिस्कला हिरवा आणि नेटवर्कला तपकिरी असा प्रत्येक घटकाला एकच रंग आहे. खरे कौशल्य दिसते ते एकाच चौकटीत दोन गोष्टी दाखवायच्या असतात तेथे. नेटवर्कच्या आलेखात येणारी माहिती अखंड रेघेने आणि जाणारी तुटक रेघेने काढलेली आहे. सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून कर्नल टाइम्स (प्रोसेसरचा जो वेळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या कामात जातो तो) सुरू केल्यास तो भाग त्याच निळ्याच्या गडद छटेत उमटतो. विंडोज ७ पर्यंत हेच काम काळ्या पार्श्वभूमीवरील हिरव्या आणि लाल रेघांकडे होते, आणि ज्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट जाणवत नाही (अशा व्यक्तींत पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक असते) त्यांना त्या रेघा वेगळ्या ओळखणे अवघड जाई. तुटक रेघ मात्र स्क्रीनशॉटची कृष्णधवल प्रिंट काढली तरी ओळखू येते.

लिनक्सवरील ग्नोम सिस्टिम मॉनिटर हा अशाच कामाचा प्रोग्रॅम सर्व कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) रेघा एकाच आलेखात निरनिराळ्या रंगांनी काढतो. चार कोअरपर्यंत ते ठीक वाटते. सोळा कोअर असतील तर कोणती रेघ कोणाची हे शोधण्यातच वेळ जातो. तेथे रंगाच्या चौकोनावर क्लिक करून तो बदलता येतो, हे मान्य. पण सोळा रंग स्वतः निवडत बसण्यापेक्षा टास्क मॅनेजरप्रमाणे प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरला (ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र प्रोसेसर म्हणून मोजते त्या प्रत्येक एककाला) स्वतंत्र छोटी निळी चौकट देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ही शिस्त सर्वत्र पाळलेली नाही. २०१७ च्या अद्ययावत आवृत्तीत आलेल्या जीपीयूच्या (ग्राफिक्स प्रोसेसरच्या) आलेखाला सीपीयूचाच निळा रंग दिल्याने डावीकडच्या यादीत दोन्ही आलेख नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाहीत. मेमरीच्या आलेखाखालील विभागणीच्या पट्टीत तर छटांमधील फरक इतका पुसट आहे की कोणता भाग कशाचा हे कळण्यासाठी प्रत्येक भागावर माउस नेऊन थांबावे लागते. तेथे तिरप्या रेघांची भरण वापरली असती, तर रंग न वाढवताही काम भागले असते.