बॉक्स मॅगझिनवाली सेमी-ऑटो शॉटगन: घ्यायच्या आधी हे वाचा

बॉक्स मॅगझिनची (काडतुसांचा काढता-घालता येणारा डबा असलेली) सेमी-ऑटो शॉटगन, म्हणजे दर वेळी घोडा दाबला की एक बार काढून पुढचं काडतूस आपोआप भरणारी छर्ऱ्यांची बंदूक, दिसायला जबरदस्त असते यात वादच नाही, आणि बरेच जण तेवढ्यावरच घेऊन मोकळे होतात. माझ्याकडे एक आहे, सोबत नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं भरायची साधी सेमी-ऑटोपण आहे, दोन्ही रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) भरपूर वापरल्यात, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

आधी काय आवडतं ते सांगतो. रिलोड. ट्यूबवाल्या बंदुकीत काडतुसं एकेक करून खालून ढकलायची, स्पर्धेतले लोक एका हातात चार धरून दोन-दोन करून भरतात आणि बघायला मस्त वाटतं, पण ते जमायला खूप सराव लागतो आणि घाईत बोटं चुकतातच. मॅगझिनला तसं काही नाही, रिकामं काढा, भरलेलं लावा, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) ओढा, झालं. शिवाय एका मॅगझिनमध्ये बारीक छर्रे, दुसऱ्यात बकशॉट (मोठे छर्रे), तिसऱ्यात स्लग (एकच मोठी गोळी) असं वेगवेगळं भरून ठेवता येतं. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी संघटनेच्या शॉटगन स्पर्धेत ओपन डिव्हिजन या गटात बॉक्स मॅगझिन चालतं आणि तिथे या बंदुकीचा खरा फायदा दिसतो.

दुसरा मोठा फायदा म्हणजे बंदूक रिकामी करणं, याबद्दल लोक फार बोलत नाहीत पण मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ट्यूब रिकामी करायची तर काडतुसं एकेक करून बाहेर काढत बसायचं, इथे मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला, चेंबरमधलं (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेतलं) एक काडतूस बाहेर पडलं, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघितलं आणि बोट घालून खात्री केली की काम झालं. पण क्रम हाच पाहिजे, आधी मॅगझिन, मग बोल्ट. उलट केलं तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस घेऊन जातो. आणि मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं समजणारे लोक मी बघितलेत, चेंबरमध्ये एक बसलेलंच असतं, कृपा करून हे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

आता तोटे, आणि इथे जरा सविस्तर लिहावं लागेल कारण मूळ अडचण बंदुकीत कमी आणि काडतुसात जास्त आहे. शॉटगनचं काडतूस म्हणजे बुडाला पितळी किंवा लोखंडी टोपी, तिला बाहेर आलेली कड, आणि वरची सगळी नळकांडी मऊ प्लास्टिकची. ट्यूबमध्ये ही काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली असतात, दाब लांबीच्या दिशेने येतो आणि तो त्यांना सहज सोसतो. बॉक्स मॅगझिनमध्ये ती एकावर एक रचली जातात, खालून जोरदार स्प्रिंग, वरून बंद बोल्ट, मधे प्लास्टिक. भरलेलं मॅगझिन बंदुकीला लावून तसंच बरेच दिवस ठेवलं, त्यात गरमी असली, तर वरचं काडतूस चपटं होतं आणि चपटं काडतूस चेंबरमध्ये नीट जात नाही. म्हणजे कायम भरून तयार ठेवता येईल म्हणून जे लोक ही घेतात त्यांचं ते कारणच निकालात निघतं. मी तर मॅगझिन रेंजवर गेल्यावरच भरतो आणि घरी यायच्या आधी रिकामी करतो.

कडेचा त्रास वेगळाच. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की बोल्ट कितीही जोरात येऊ दे, गाडी तिथेच थांबते. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस मागे नीट टेकलंय ना ते बघत भरावं लागतं. बोल्ट बंद असताना पूर्ण भरलेलं मॅगझिन बसवणं पण अवघड, खूप जोर लावावा लागतो, एक-दोन काडतुसं कमी भरली की अलगद बसतं. दहाचं मॅगझिन घेऊन आठ-नऊच भरणारे लोक अडाणी नाहीत, अनुभवी आहेत.

आकार तर विचारूच नका. बारा बोरचं काडतूस जाडजूड, दहाची रास म्हणजे वीतभर लांब मॅगझिन खाली लोंबतं, पोटावर झोपून बार काढायचा तर ते जमिनीला टेकतं, कमरेला दोन-तीन लावून चाललं की ओझं जाणवतं. एक काडतूस साधारण ४५-५० ग्रॅमचं, म्हणजे दहाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि मॅगझिनचं वजन वेगळं. वीसचा ड्रम (गोल मॅगझिन) दिसायला भारी, पण बंदूक इतकी जड होते की मी तो वापरत नाही.

मग येतं गॅसचं प्रकरण. यातल्या बहुतेक बंदुका गॅसवर चालतात, म्हणजे बार उडाला की नळीतला थोडा गॅस पिस्टन ढकलून बोल्ट मागे नेतो, आणि हलकी काडतुसं, म्हणजे २४ ग्रॅमची टार्गेट लोड, टाकली की बऱ्याच बंदुकांचा बोल्ट पूर्ण मागे जात नाही, रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकतं. सायगा-१२ या रशियन बंदुकीला यासाठी गॅस कमी-जास्त करायचा दोन सेटिंगचा रेग्युलेटर असतो, १ जोरदार काडतुसांना आणि २ साध्यांना. २ वर ठेवून मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार काडतुसं, मारत बसू नका, बोल्ट मागे आपटून आतल्या भागांचे हाल होतात. नवी बंदूक असेल तर सुरुवातीला जोरदार काडतुसंच वापरा, भाग एकमेकांना रुळले की मग हलकी चालवून बघा. आणि साफसफाई, गॅस पिस्टनवर काजळी आणि वितळलेलं प्लास्टिक साचतं, ते खरवडलं नाही की पुन्हा जाम सुरू.

कोणती घ्यावी हा प्रश्न हमखास येतो. सायगा रशियातल्या इझेव्हस्कच्या कलाश्निकोव्ह कंपनीची, एके रायफलच्या यंत्रणेवर बेतलेली, मजबूत, पण रिकामी झाल्यावर बोल्ट आपोआप मागे थांबत नाही आणि मूळ मॉडेलमध्ये मॅगझिन पुढून अडकवून मागे फिरवून बसवावं लागतं. मोलोत या दुसऱ्या रशियन कंपनीची वेप्र-१२ मला जास्त पसंत, मॅगझिन सरळ वर ढकलायचं आणि शेवटच्या बारानंतर बोल्ट उघडा राहतो. पण अमेरिकेने २०१४ मध्ये कलाश्निकोव्ह कंपनीवर आणि २०१७ मध्ये मोलोतवर निर्बंध टाकले, तेव्हापासून तिथे या दोन्हींची नवी आयात बंद आहे. तुर्कस्तानच्या बंदुका, अकदाल एमकेए १९१९ किंवा देरया एमके-१२ सारख्या, अमेरिकन एआर रायफलसारख्या दिसतात, पण एका कंपनीचं मॅगझिन दुसरीला बसेल अशी आशा ठेवू नका. बंदुकीबरोबरच चार-पाच मॅगझिन घेऊन ठेवा, कंपनीने मॉडेल बंद केलं तर मॅगझिनशिवाय हातात एकबारी उरते.

क्ले पिजन, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या, मारायच्या असतील तर ही घेऊच नका. ट्रॅप आणि स्कीट या चकत्यांच्या खेळांना लागतात दोन बार, आणि बंदूक खांद्याला लावून चकतीमागे गुळगुळीत फिरली पाहिजे. इथे उंच साइट, पिस्तूल ग्रिप आणि खाली लोंबणारं वजन, सगळं त्याच्या विरुद्ध जातं. शिकारीलाही तेच, अमेरिकेत स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात, मग दहाच्या मॅगझिनचा उपयोग काय.

कायदा आधी तपासा, ट्यूबवाली चालते म्हणजे ही चालेल असं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये काढता येणारं मॅगझिन असेल तर साध्या शॉटगनचा परवाना (शॉटगन सर्टिफिकेट) पुरत नाही, जास्त कडक फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. न्यूझीलंडने २०१९ मध्ये अशा सेमी-ऑटो सामान्य लोकांसाठी बंदच केल्या, ऑस्ट्रेलियात १९९६ पासून सेमी-ऑटो शॉटगनवर कडक बंधनं आहेत. आणि घरी ठेवायची तर कुलूपबंद कपाटात रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात, मुलं असोत वा नसोत.

सेकंड हँड बघत असाल तर तीन गोष्टी विक्रेत्यासमोरच करा. मॅगझिन लावून हलवून बघा, थोडं हललं तर चालेल पण खळखळ वाजत असेल तर लॅच (मॅगझिन धरून ठेवणारा खटका) झिजलाय. गॅसची भोकं उघडी आहेत का ते बॅटरी मारून बघा. आणि रेंजवर नेऊन त्याने आणलेल्या जोरदार काडतुसांवर समाधान मानू नका, तुम्ही जी नेहमी वापरणार आहात तीच घेऊन जा आणि मॅगझिन पूर्ण भरून चालवा, दोनदा तरी. त्यात अडकली तर विक्रेता कितीही म्हणो की नंतर रुळेल, सोडून द्या.